भोवळीचे मूळ कानात

मुली फुगडी खेळतात. फुगडी थांबते, पाय स्थिरावतात. तरीही अंगण काही क्षण गरगरतच राहते. त्याची गंमत वाटते. परंतु जबलपूर जिल्ह्यातील मझौलीसारख्या गावी एखादी गृहिणी विहिरीच्या काठाशी उभी असता फुगडीवाचूनच सारे शिवार फिरू लागले, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि हा प्रकार दोन-तीन तास टिकला, तर? कोणी अशक्तपणा म्हणेल, कोणी पित्त, कोणी बाहेरची बाधा. कानाकडे सहसा कोणाचे लक्ष जाणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील वैद्यही असेच चुकत. अशी भोवळ मेंदूत रक्त साकळल्याने येते, असे मानून ते रोग्याचे रक्त काढीत. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे वैद्य प्रोस्पेर मेनिएर यांनी १८६१ साली तेथील वैद्यक अकादमीपुढे दाखवून दिले की, भोवळीबरोबर बहिरेपणा व कर्णनाद असेल, तर दोषाचे स्थान अंतःकर्णात असू शकते. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. विकाराला मात्र त्यांचे नाव मिळाले.

अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो. डोके वळले की द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, सूक्ष्म केसांना वाकवतो आणि मेंदूला हालचालीची वार्ता पोचते. फुगडी थांबल्यावरही द्रव वाहत राहतो. म्हणून अंगण फिरते. हाच द्रव ऐकण्याच्या शंखाकृती भागातही खेळतो. १९३८ साली लंडनमध्ये हॉलपाइक व केर्न्स यांना मृत रोग्यांच्या अंतःकर्णात या द्रवाची पिशवी फुगलेली आढळली. भोवळ, कानात दडे, गुणगुण आणि मंद श्रवण ही लक्षणे एकत्र का येतात, हे त्यावरून उमगते. द्रव का साचतो, हे कोडे पूर्ण सुटलेले नाही.

मेनिएरची भोवळ साधारणतः वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकते. कूस बदलताच येऊन मिनिटभरात विरणारी भोवळ निराळी. ती कानातील सूक्ष्म खडे जागचे हलल्याने येते आणि तज्ज्ञाने डोके विशिष्ट क्रमाने वळविल्यास बहुधा थांबते. म्हणून श्रवणमापनासह नीट तपासणी हवी. मझौलीच्या रोग्यास ती जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात करून घेता येईल.

झटका येताच खाली बसावे किंवा आडवे व्हावे, डोके हलवू नये आणि नजर एका वस्तूवर खिळवावी. भोवळ दाबणाऱ्या गोळ्या झटक्यापुरत्याच घ्याव्यात. त्या नित्य घेतल्यास तोल पुन्हा सावरण्याची मेंदूची शक्ती मंदावते. लोणची, पापड व वरचे मीठ कमी करण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. त्याचा गुण सर्वांनाच येतो असे नाही. झटके वरचेवर येत असतील, तर शिडी चढणे, वाहन चालविणे व एकट्याने पोहणे टाळावे. मात्र भोवळीबरोबर हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे, एकाचे दोन दिसणे किंवा असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. तो मेंदूचा आघात असू शकतो.

हा विकार समूळ जात नसला, तरी तो जीवघेणा नाही. पुष्कळांचे झटके कालांतराने विरळ होतात, ऐकणे मात्र मंदावू शकते. आपल्या भोवळीचे मूळ ज्या गृहिणीला कळले, ती विहिरीचा काठ वेळीच सोडील आणि बाधेच्या भयातूनही मुक्त होईल.