वेडंतांगल : तळ्याकाठची राखलेली शांतता

सायकल, पाठीवर मोजके सामान आणि तळ्याकाठी एक रात्र, असा बेत आखणाऱ्या चेन्नईकरांना शहराच्या दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरवरील वेडंतांगल हे गाव खुणावते. मात्र येथील शांतता निसर्गाने आपसूक दिलेली नाही. ती गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली आहे.

नावाचा अर्थ शिकाऱ्यांची वस्ती. एकेकाळी येथे पक्ष्यांची शिकार होत असे. गोऱ्या सैनिकांनी बंदुका चालविल्या तेव्हा गावकऱ्यांनी चेंगलपट्टूचे जिल्हाधिकारी लायोनेल प्लेस यांच्याकडे दाद मागितली आणि १७९८ मध्ये त्यांनी तळ्याला संरक्षण दिले. (मदुरांतकमच्या तलावाचा बांध रात्रभर राखणाऱ्या राम-लक्ष्मणांचे दर्शन ज्यांना घडले अशी दंतकथा आहे, ते साहेब हेच.)

गावकऱ्यांच्या आग्रहामागे शेती होती. अवघ्या ३० हेक्टरांच्या या तळ्यात, पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर चित्रबलाक, पाणकावळे, चमचे, बगळे हजारोंच्या संख्येने घरटी करतात. त्यांची विष्ठा पाण्यात पडते, पाणी नत्र व स्फुरदयुक्त होते आणि तेच पाणी भातखाचरांत जाते. खत फुकट मिळते. त्या बदल्यात गाव दिवाळीतही फटाके वाजवीत नाही. कायद्यापेक्षा हा व्यवहार अधिक टिकाऊ ठरला, असे म्हणावे लागेल.

तरीही धोका टळलेला नाही. तळ्याभोवतीचे ५ किलोमीटर त्रिज्येचे क्षेत्र अभयारण्यात मोडते. पक्षी चारा शोधतात तो आसपासच्या शेतांत व लहान तळ्यांत. म्हणून हे वर्तुळ महत्त्वाचे. ते कमी करण्याचा प्रस्ताव २०२० मध्ये पुढे आला, तेव्हा पर्यावरणप्रेमींनी तीव्र विरोध केला. २०२२ मध्ये या तळ्याचा रामसर यादीत समावेश झाला. महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वरला हा मान त्याआधीच लाभला होता.

जाणाऱ्यांनी महामार्गावरील वाहनांच्या गर्दीत सायकल दामटण्यापेक्षा चेंगलपट्टूपर्यंतचे अंतर अन्य वाहनाने तोडावे. पडाळमजवळ महामार्ग सोडला की खरी सफर सुरू होते. रस्ता सपाट, दुतर्फा भातशेती, मधूनमधून लहान तळी. पहाटेची वेळ उत्तम, कारण उन्हे चढली की दमट उकाडा असह्य होतो.

तळ्याकाठी तंबू ठोकण्याचा विचार मात्र सोडावा. अभयारण्यात त्यास मुभा नाही. मुक्कामासाठी वनखात्याचे विश्रामगृह आहे, त्याचे आरक्षण आधी करावे. बांधावरून आणि मनोऱ्यावरून पक्षी सहज दिसतात. दुर्बीण जवळ असावी, भोंगा वा गाणी नकोत.

नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम. ईशान्य मोसमी पाऊस पुरेसा झाला तरच तळे भरते आणि पक्षी घरटी करतात. पाऊस हुकलेल्या वर्षी तळे कोरडे राहते, म्हणून निघण्यापूर्वी पाण्याची चौकशी करणे इष्ट.