पावसाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा इंजिनावर काय परिणाम होतो, याविषयीची महाराष्ट्रातील चर्चा गेल्या काही वर्षांत मुख्यतः मोटारी आणि दुचाकींच्या ॲव्हरेजभोवती फिरत राहिली आहे. मात्र दापोली तालुक्यातील हर्णे बंदरातून या प्रश्नाकडे पाहिले, तर त्याची एक दुर्लक्षित बाजू समोर येते. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगरलेल्या मोठ्या मासेमारी नौका डिझेलवर चालतात, त्यामुळे इथेनॉलमिश्रित पेट्रोलशी त्यांचा थेट संबंध येत नाही. संबंध येतो तो लहान होड्यांना आणि पर्यटकांना समुद्रात फिरवून आणणाऱ्या फायबरच्या बोटींना लावलेल्या आउटबोर्ड मशीनचा, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेल्या पेट्रोल इंजिनाचा. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि पर्यटनही थंडावते. परिणामी पावसाळ्यातील अतिशय दमट असे दोन महिने ही इंजिने उभी राहतात, आणि त्यांच्या टाकीत उरलेले पेट्रोलही तसेच पडून राहते. इथेनॉलमुळे होणारी हानी इंजिन चालण्यापेक्षा त्याच्या उभे राहण्याशी अधिक निगडित आहे, आणि धोरण ठरवताना नेमका हाच भाग मोजला गेलेला नाही.

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना भारतात नवी नाही. १९४८ सालीच केंद्राने ‘पॉवर अल्कोहोल’ कायदा केला होता, जो २००० साली रद्द झाला. त्यानंतर लगेच, २००१ मध्ये, ५ टक्के मिश्रणाचे जे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले त्यांपैकी दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड येथे होते. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण लागू झाले, २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० साठी ठेवले आणि पुढे ते २०२५-२६ वर आणले गेले. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाची, म्हणजे ‘ई-२०’ची, विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभरातील बहुतेक पंपांवरचे नेहमीचे पेट्रोल बनले. घाटावरच्या साखर कारखान्यांना आणि ऊस उत्पादकांना या कार्यक्रमाने मोठा आधार दिला, तेलाच्या आयातीवरील खर्चही कमी झाला. हे लाभ खरे आहेत आणि पुढील विवेचनाने ते नाकारले जात नाहीत.

ज्वलनाच्या दृष्टीने पाहिल्यास इथेनॉलचे गुणदोष स्पष्ट आहेत. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. त्यामुळे ई-२० च्या एका लिटरमधील ऊर्जा साध्या पेट्रोलपेक्षा अंदाजे ७ टक्क्यांनी कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यानेही शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ६ ते ७ टक्के, तर तशाच दुचाकींमध्ये ३ ते ४ टक्के इतकी ॲव्हरेजमधील घट अपेक्षित धरली होती. उलट इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता, पेट्रोलपेक्षा बराच जास्त असल्याने त्यासाठी मुद्दाम बनवलेल्या इंजिनात दाब वाढवून ही तूट काही अंशी भरून काढता येते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. आधुनिक मोटारीतील ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून इंधनाची फवारणी वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरला तसे करता येत नाही, मिश्रण ‘लीन’ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि इंजिन अधिक तापू शकते. जुन्या धाटणीची आउटबोर्ड मशीन याच वर्गात मोडतात.

दुसरा परिणाम सुट्या भागांवर होतो. जुन्या इंजिनांतील काही प्रकारचे रबर इथेनॉलमुळे फुगते, मऊ पडते आणि नंतर वाळून चिरते. नळ्या, डायफ्रॅम आणि ओ-रिंग हे त्याचे पहिले बळी होत. पेट्रोलमधून वीज जवळजवळ वाहत नाही, इथेनॉलमधून मात्र थोडी वाहते, त्यामुळे ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या कार्ब्युरेटरमध्ये बसवलेल्या पितळी जेटभोवती दोन धातूंमधील झीज सुरू होऊ शकते. त्यात पाणी आणि समुद्राच्या मिठातील क्लोराइड मिसळले की ही झीज वेगाने वाढते. खाऱ्या हवेत जे भाग आधीच गंजाशी झुंजत असतात, त्यांच्यावर आतूनही हल्ला होतो.

पाण्याचा प्रश्न यांहून गंभीर आहे. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी जवळपास विरघळत नाही. ते टाकीच्या तळाशी बसते आणि पेट्रोल वर जसेच्या तसे राहते. इथेनॉल मात्र पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते. त्यामुळे मिश्रित इंधन काही मर्यादेपर्यंत पाणी पोटात घेते, आणि ती मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने खाली बसतात. १० टक्के मिश्रणात ही मर्यादा साधारण तापमानाला सुमारे अर्धा टक्का असते, म्हणजे १० लिटरच्या टाकीत जेमतेम ५० मिलिलिटर पाणी. २० टक्के मिश्रण त्याहून अधिक पाणी धरून ठेवते आणि कोकणातील उबदार हवाही वेगळे होण्याच्या विरोधात काम करते, हे मान्य केले पाहिजे; मात्र ई-२० मध्ये एकदा का थर वेगळे झाले, की तळाशी जमणारा थरही तितकाच मोठा असतो, आणि इंधन खेचणारी नळी नेमकी तळापर्यंत गेलेली असते. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेन अंकही घसरलेला असतो.

बंद टाकीतील इंधन केवळ दमट हवेतून पाणी शोषून लगेच बिघडते, हा समज अतिशयोक्त आहे. वायुवीजनाच्या बारीक छिद्रातून आत येणारी आर्द्रता हळूहळूच साठते. खरा धोका असतो तो अर्धवट भरलेल्या टाकीच्या भिंतींवर दव धरण्याचा, नीट न बसलेल्या झाकणातून पावसाचे पाणी शिरण्याचा आणि होडीत इंधन ओतताना उडणाऱ्या लाटेच्या पाण्याचा. हर्णेत वर्षानुवर्षे पुरेशी जेट्टी नसल्याने मासळीपासून बर्फापर्यंत सारा माल बैलगाडी आणि लहान होड्यांतूनच किनारा ते नौका असा ये-जा करत आला आहे. अशा बंदरात कॅनमधून टाकीत ओतले जाणारे पेट्रोल कोरडे राहील, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल.

टू-स्ट्रोक इंजिनात हे पाणी सर्वांत जास्त नुकसान करते. अशा इंजिनात वंगण देणारे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. थर वेगळे झाल्यावर तळाच्या इथेनॉल-पाण्यात तेल फारसे उतरत नाही, तोच थर इंजिनात गेला तर पिस्टन व बेअरिंग कोरडे चालतात, आणि किनाऱ्यापासून काही मैलांवर पिस्टन सीज झालेली होडी म्हणजे केवळ दुरुस्तीचा खर्च नव्हे, तर जिवाशी गाठ असते.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उपयोगी आहे. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० व २०११ मध्ये १५ टक्के मिश्रणाला २००१ व त्यानंतरच्या मोटारींसाठी परवानगी दिली, पण बोटींची इंजिने आणि मोटारसायकली जाणीवपूर्वक वगळल्या. मर्क्युरी मरीन या उत्पादकाने २०११ मध्ये १५ टक्के मिश्रणावर आउटबोर्ड इंजिने ३०० तास पूर्ण वेगाने चालवण्याची चाचणी केली, तेव्हा ९.९ अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन चाचणी पूर्ण करू शकले, मात्र ३०० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या व्हॉल्व्हनी आणि २०० अश्वशक्तीच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या बेअरिंगने दगा दिला. तपासलेली इंजिने मोजकी असल्याने यावरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. तरीही १० टक्क्यांपुढचे मिश्रण आउटबोर्डला वापरू नये, अशी अनेक उत्पादकांची सूचना कायम राहिली. तिकडच्या अनेक बोट-बंदरांवर इथेनॉलविरहित पेट्रोल स्वतंत्रपणे विकले जाते.

ब्राझीलचे उदाहरण भारतात वारंवार दिले जाते, आणि १९७५ च्या ‘प्रोआल्कोल’ कार्यक्रमापासून तेथे झालेली प्रगती मोठीच आहे. पण त्या देशाने इंधनाबरोबर इंजिनेही बदलली आणि त्यासाठी काही दशके घेतली. भारतात २०२३ पासूनच्या मोटारी ई-२० ला टिकणाऱ्या सुट्या भागांसह येऊ लागल्या. २०२५ मध्ये ई-२० वरून वाद पेटला तेव्हा जुन्या वाहनांचे काही रबरी भाग व गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयाने मान्य केले. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या वाहन-संशोधन संस्थांच्या ज्या चाचण्यांचा दाखला दिला जातो, त्या रस्त्यावरील वाहनांच्या आहेत. आउटबोर्ड मशीनला किलोमीटर नसतात. त्याचे आयुष्य तासांत मोजले जाते आणि त्यातील मोठा भाग ते उभेच असते.

हर्णे, पाजपंढरी आणि त्यांच्यासारख्या कोकणातील गावांसाठी यातून निघणारी मागणी अवास्तव नाही. डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत देण्याची यंत्रणा राज्यात आधीपासून आहे. त्याच संस्थांच्या पंपांवर इथेनॉलविरहित किंवा कमी मिश्रणाचे थोडे पेट्रोल वाजवी दरात उपलब्ध करता येईल, आणि आउटबोर्ड मशीनची खाऱ्या हवेतील, दोन महिने उभे ठेवून केलेली चाचणी पुण्यात नव्हे, तर किनाऱ्यावर घेता येईल. तोवर मालकाच्या हाती राहतो तो मे अखेरचा एक दिवस: टाकीतील पेट्रोल काढून, त्यात तेल मिसळलेले नसल्यास, दुचाकीत वापरून टाकणे, इंधनाची नळी सोडवून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवणे, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवणे, जुन्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या नळ्यांनी बदलणे, आणि ऑगस्टमध्ये पहिल्यांदा मशीन सुरू करण्यापूर्वी नव्या पेट्रोलमधील थोडे काचेच्या बाटलीत घेऊन तळाशी वेगळा थर दिसतो का ते पाहणे.