डिजिटल सही : कोणी काढावी, कशी काढावी आणि कोणाच्या हाती देऊ नये



शेतकी कार्यालयात ऊसनोंदीसाठी येणारे सभासद हल्ली एक नवाच प्रश्न विचारतात. "सही तं आमी करतोच ना भाऊ, मंग हे डिजिटल सही कायले पायजे?" कोणी सांगतो की गावात एक जण आला होता, तीन वर्षांची सही काढून देतो म्हणाला. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर प्रथमच सांगून टाकतो. बहुतेक ऊस उत्पादकांना स्वतःची डिजिटल सही विकत घेण्याचे कारण नाही. ती ओळखता मात्र प्रत्येकाला आली पाहिजे. आणि ज्याने ती घेतली, त्याने ती दुसऱ्याच्या हाती कदापि देऊ नये.

गरज जुनीच आहे

कागद खरा कोणाचा आणि मागाहून त्यात कोणी फेरफार तर केला नाही ना, ही काळजी आजची नाही. आपल्या वाशीमला १९३९ साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट मिळाले. गाव दान दिल्याचा तो लेख तांब्यावर कोरला, कारण तांब्यावरचे अक्षर सहजासहजी खोडता येत नाही. पुढे मराठी अमदानीत पत्र संपले की शेवटी मोर्तब उठवीत, म्हणजे त्याखाली कोणी आणखी ओळ घुसडू नये. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण त्यातूनच घेतला. गावचा पाटील सहीच्या जागी नांगराची निशाणी काढी. आपल्या वाडवडिलांच्या कागदांवर 'निशाणी डावा अंगठा' हे शब्द आपण सर्वांनीच पाहिले आहेत. डिजिटल सही हे त्याच घराण्यातले नवे पोर आहे.

सहीचे चित्र म्हणजे डिजिटल सही नव्हे

सहीचा फोटो काढून कागदावर चिकटवला तर ती डिजिटल सही होत नाही. तो फोटो कोणीही उचलून कोठेही चिकटवू शकतो.

खरी रीत अशी. संगणक आधी संपूर्ण कागदाचे जणू वजन करतो आणि त्याचा एक लांबलचक आकडा काढतो. आपल्या काट्यावर भरलेल्या गाडीतून एक मोळी काढली तर वजन बदलते, तसे कागदातले एक अक्षर बदलले तरी हा आकडा पार बदलून जातो. फरक एवढाच की दोन गाड्यांचे वजन योगायोगाने सारखे येऊ शकते, दोन वेगळ्या कागदांचा आकडा तसा जुळत नाही. हा आकडा सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने बंद केला जातो. तिच्या जोडीची दुसरी किल्ली जाहीर असते, तिने कोणालाही तो तपासता येतो. जाहीर किल्ली अमक्याचीच आहे असा जो दाखला मिळतो, तेच डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि या सहीला कायद्याची मान्यता मिळाली. मृत्युपत्राला मात्र हा कायदा लागू नाही. ते आजही कागदावर, साक्षीदारांसमक्ष सही करूनच करावे लागते.

आपल्या हातातली डिजिटल सही : सातबारा

१ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. त्यावर तलाठ्यांची, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांची, डिजिटल सही असते. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये शासकीय शुल्क भरले की तो मिळतो. शाईच्या सहीची वा शिक्क्याची त्याला गरज नाही.

येथे सभासद फसतात ते असे. भूलेखवर फुकट दिसणारा सातबारा नुसता माहितीसाठी असतो. तोच छापून कोणी जास्तीचे पैसे घेतो आणि पीककर्जाच्या वेळी बँक तो परत करते. मग ऐन हंगामात रिसोडहून, मानोऱ्याहून पुन्हा हेलपाटा. म्हणून पैसे देण्याआधी कागदावर डिजिटल स्वाक्षरीचा मजकूर आणि पडताळणी क्रमांक आहे का, हे पाहून घ्यावे. हा क्रमांक संकेतस्थळावर टाकला की मूळ उतारा समोर येतो. छापील कागद आणि तो उतारा जुळला पाहिजे.

संगणकावर अशी फाईल उघडली की कधी सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. त्याने घाबरू नये. बहुधा त्या संगणकाला भारताच्या प्रमाणन व्यवस्थेची ओळख करून दिलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. लाल फुली दिसली किंवा सहीनंतर मजकूर बदलल्याची सूचना आली, तर मात्र तो कागद स्वीकारू नये.

कोणाला लागते, कोणाला नाही

कारखान्याला ऊस घालणे, बिल खात्यावर घेणे, सातबारा काढणे, यांपैकी कशालाही सभासदाची स्वतःची डिजिटल सही लागत नाही. शेतकरी ओळख क्रमांक काढताना मोबाईलवर आलेला आकडा सांगून ज्यांनी नोंदणी पुरी केली, त्यांनी आधारवर आधारलेली ई-सही नकळत केलीच आहे. ती त्या एका वेळेपुरती असते, तिला वेगळे यंत्र लागत नाही. म्हणूनच तो आकडा सांगण्यापूर्वी कशावर सही होत आहे, हे विचारावे.

स्वतःची सही लागते ती शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांना, शासकीय ई-निविदा भरणाऱ्या ठेकेदारांना व मजूर संस्थांना आणि ग्रामपंचायतीच्या सरपंचांना. आपल्यातले कित्येक सभासद यांपैकी कोणी ना कोणी आहेत.

काढण्याची रीत

ही सही केंद्र शासनाच्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकाने परवाना दिलेल्या संस्थांकडूनच मिळते. ई-मुद्रा, एन-कोड, कॅप्रिकॉर्न ही त्यांतली काही नावे. गावातला एजंट हा फक्त मध्यस्थ. नियंत्रकाच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी असते, ती पाहून घ्यावी.

पॅन, आधार, फोटो, स्वतःचा मोबाईल आणि स्वतःचा ई-मेल एवढे जवळ ठेवावे. कॅमेऱ्यासमोर स्वतः बसून ओळख पटवावी लागते. 'क्लास २' प्रकार १ जानेवारी २०२१ पासून देणे बंद झाले. आता 'क्लास ३' घ्यावा. मुदत एक, दोन किंवा तीन वर्षांची असते. निविदा भरणाऱ्यांनी सहीबरोबर एनक्रिप्शनचे सर्टिफिकेट घ्यावे. किल्ली एका लहान यूएसबी टोकनमध्ये येते, त्यालाच लोक डोंगल म्हणतात. टोकनसह एकूण किती पैसे, हे आधी विचारून पावती घ्यावी. मोबाईल आणि ई-मेल एजंटचा देऊ नये. पासवर्ड स्वतः घालावा.

डोंगल आपल्याच कनवटीला

खरी गोम येथेच आहे. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतील देयके सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, या दोघांच्या डिजिटल सहीने अदा करण्याची पद्धत आली. दोघांच्या सह्या ठेवल्या, त्या एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी म्हणून. पण सरपंचबाईंचा डोंगल आणि चिठ्ठीवर लिहिलेला पासवर्ड दोन्ही तिसऱ्याच्याच टेबलाच्या खणात पडून राहिले, तर ही नजर उरते कोठे? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते हेच.

"मले तं त्यातलं काईच माहीत नोतं" असे नंतर सांगून सुटका होणे अवघड. कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार किल्ली सांभाळण्याची जबाबदारी धारकाची आहे. ती दुसऱ्याच्या हाती पडली तर विनाविलंब प्रमाणन संस्थेला कळवावे लागते आणि कळवीपर्यंतची जबाबदारी धारकावरच राहते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही लबाडीने वापरणाऱ्याला ६६-क कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पैसा एकदा गेला की शिक्षेने तो परत येतोच असे नाही.

संगणक येत नसेल तर जाणत्या माणसाची मदत जरूर घ्यावी. त्याने कळफलक चालवावा, आपण शेजारी बसावे. कागद वाचून घ्यावा, पासवर्ड आपल्या हाताने टाकावा आणि काम होताच डोंगल काढून घरी आणावा. हरवला तर त्याच दिवशी सर्टिफिकेट रद्द करण्यास लेखी कळवून पोच घ्यावी.

कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, हे आपल्याला वडीलधाऱ्यांनी शिकवले. डोंगल दुसऱ्याकडे ठेवणे म्हणजे कोऱ्या कागदांचा गठ्ठाच अंगठा उठवून देणे होय. ज्या सभासदांचे डोंगल आज दुसऱ्याकडे आहेत, त्यांनी ते याच आठवड्यात परत आणावेत आणि पासवर्ड बदलावा, ही आमची आग्रहाची विनंती आहे.