व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये बॅटरी कुठे लावावी?

घरी जोडलेल्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवरचं गाणं थांबलं की स्पीकरमधून जी बारीक घुरघुर ऐकू येते, तिचं मूळ पुष्कळदा फिलॅमेंटच्या तारेत असतं. ही तार तापवायला ट्रान्सफॉर्मरमधून थेट एसी दिला, की सेकंदाला ५० वेळा हेलकावणारा तो दाब कॅथोडपर्यंत आणि ग्रिडपर्यंत झिरपतो. हौशी मंडळींचा यावरचा उपाय ठरलेला आहे: फिलॅमेंट बॅटरीवर चालवा. उपाय तसा जुनाच. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या रेडिओंना फिलॅमेंटसाठी ‘ए’ आणि प्लेटसाठी ‘बी’ अशा वेगळ्या बॅटऱ्या लागत. पण तो सरसकट लावला की फसतो. बॅटरी पहिल्या टप्प्यात हवी. शेवटच्या टप्प्यात ती नुसती ओझं होते.

पहिल्या टप्प्यातल्या ईसीसी ८३ला रेकॉर्ड प्लेअरकडून जेमतेम काही मिलिव्होल्टचा सिग्नल मिळतो. तिथे शिरलेली घुरघुर पुढचे सगळे टप्पे वाढवत नेतात. या व्हॉल्व्हची भूक मात्र लहान, १२.६ व्होल्टला १५० मिलिअँपिअर. शिसे-आम्लाचा एक घट साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणजे सहा घटांचे नेमके १२.६. यूपीएसमध्ये असते तसली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असे दोन व्हॉल्व्ह पंधराएक तास सहज तापवते. याउलट आउटपुटचा ३००बी. त्यात फिलॅमेंटची तारच कॅथोड असते, त्यामुळे एसीचा उपद्रव तिथे थेट होतो, हे खरं. पण तो सिग्नल चारपटही वाढवत नाही आणि ५ व्होल्टला १.२ अँपिअर ओढतो. स्टिरिओसाठी असे दोन लागतात. ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-तासांची बॅटरी त्यांना दोन तासही पुरत नाही. बडा ख्याल रंगात यायचा आणि तारा विझू लागायच्या. तिथे रेग्युलेटर लावलेला डीसी पुरवठा शहाणपणाचा.

मग पहिल्या टप्प्यालाही रेग्युलेटरच का नको? चालेल, नीट बांधला तर. पण ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमधून मेन्सचा गोंगाट थोडाफार उतरतोच; बॅटरीला ती वाटच नसते. वापरताना दाब उतरतो, हा आक्षेपही फारसा टिकत नाही. १२.७ वरून ११.९ पर्यंतची घसरण दहा टक्क्यांच्या चालणाऱ्या मर्यादेत बसते. खरा धोका चार्जरचा. चार्जिंगला दाब १४.४पर्यंत चढतो, म्हणून चार्जर किंवा ॲम्प्लिफायर यांपैकी एकच जोडला जाईल असा स्विच हवा, आणि बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज. दुसरं टोक ग्राउंडला जोडायलाच हवं. फिलॅमेंटची वायर अधांतरी राहिली, तर ती आसपासच्या एसीची घुरघुर स्वतःच उचलते.