भूलविद्यालयाच्या उंबरठ्यावर

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही उभयता अमेरिकेतील ओहायो राज्यात माझ्या भाचीकडे तीन महिने मुक्कामास होतो. ती तेथील एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. सकाळी सात ते सायंकाळी सात अशी तिची बारा तासांची पाळी असे. तिकडे उन्हाळ्यात सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. त्यामुळे ती परतल्यावरही सर्वांचे जेवण दिवसाउजेडी होत असे. एके दिवशी जेवण आटोपल्यावर तिने एक फाइल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही जन्मभर लोकांचे कर्जाचे अर्ज तपासलेत. आज माझा अर्ज तपासा."

तो अर्ज कर्जाचा नव्हता. 'नर्स ॲनेस्थेटिस्ट', म्हणजे भूल देणारी परिचारिका, घडविणाऱ्या विद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून तो तयार केलेला होता. फाइलमध्ये सर्वांत वर आदल्या वर्षीचे नकारपत्र होते.

पुढे जाण्यापूर्वी एक कबुली देतो. बारावीनंतर या मुलीने बी.एस्सी. नर्सिंग निवडले तेव्हा घरात विरोध करणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होतो. माझ्या मेहुण्यांची सांगलीला हळदीची अडत आहे. मी एम.कॉम., शिवाय बँकेतील अधिकारी; त्यामुळे घरात माझ्या शब्दाला वजन होते. "व्यापारी घराण्यातील मुलीने सीए व्हावे, नाहीतर वाणिज्य शाखेची पदवी घ्यावी, हे आपले क्षेत्र नव्हे," असे मी ठामपणे म्हणालो होतो. ती त्याहून ठाम निघाली. पुढे विवाहानंतर ती अमेरिकेत गेली, आपल्या पदवीचे तेथे मूल्यमापन करून घेतले, परिचारिकांची 'एनक्लेक्स' ही परवाना परीक्षा उत्तीर्ण झाली आणि रुग्णालयात रुजू झाली. ही वार्ता मेहुणे बाजारपेठेत सांगत, ती "मुलगी अमेरिकेत दवाखान्यात नोकरीला आहे" एवढ्याच शब्दांत. 'नर्स' हा शब्द ते टाळीत.

हा व्यवसाय कोणता?

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला भूल देणे, तेवढा वेळ त्याचा श्वास, नाडी व रक्तदाब सांभाळणे आणि अखेरीस त्याला सुखरूप शुद्धीवर आणणे, हे अत्यंत जोखमीचे काम आहे. आपल्याकडे ते भूलशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर करतात. अमेरिकेत अशा डॉक्टरांबरोबर विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकाही भूल देतात. काही राज्यांत त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करावे लागते, तर काही राज्यांत त्या स्वतंत्रपणे काम करू शकतात. ग्रामीण भागातील कित्येक लहान रुग्णालये तर मुख्यतः त्यांच्याच भरवशावर चालतात.

ही प्रथा अलीकडची नव्हे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक दिले. त्यानंतर कित्येक वर्षे भूल देणे हे दुय्यम काम समजले जाई आणि ते शिकाऊ डॉक्टरांवर सोपवले जाई. त्यांचे लक्ष साहजिकच शस्त्रक्रियेकडे असे. रुग्णाच्या चेहऱ्यावरून व श्वासावरून नजर न हलवणारी व्यक्ती हवी, या गरजेतून शल्यविशारदांनी परिचारिकांना ही विद्या शिकवली. मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे मेयो बंधूंबरोबर काम करणाऱ्या ॲलिस मॅगॉ या परिचारिकेने १९०६ साली आपल्या कामाचा अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे १४,००० वेळा भूल देऊन भुलीमुळे एकही मृत्यू ओढवला नाही, अशी त्यात नोंद आहे. ओहायोतील क्लीव्हलँड येथे अगाथा हॉजिन्स यांनी १९१५ साली लेकसाइड रुग्णालयात भूल शिकवणारे विद्यालय उभे केले आणि १९३१ साली भूलपरिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९५६ पासून या व्यावसायिकांना 'सीआरएनए' ही प्रमाणित पदवी लावता येऊ लागली.

अर्जापूर्वीची वाट

फाइल चाळताना माझ्या ध्यानात आले, की येथे केवळ गुणपत्रिकेवर प्रवेश नाही. परिचर्येची पदवी आणि चालू परवाना ही पहिली पायरी. त्यानंतर अतिदक्षता विभागातील किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव अनिवार्य. प्रत्यक्षात स्पर्धा एवढी, की निवड होणाऱ्या बहुतेकांपाशी दोन-तीन वर्षांचा अनुभव असतो. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्ण, रक्तदाब टिकवणारी औषधे, हृदयावरील शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र, हे सारे हाताखालून गेलेले असावे लागते.

त्यापुढे 'सीसीआरएन' ही अतिदक्षता परिचर्येची परीक्षा. बहुसंख्य विद्यालये तिची मागणी तरी करतात किंवा तिला पसंती तरी देतात. या परीक्षेस बसण्यासाठीच एका पर्यायानुसार मागील दोन वर्षांत अत्यवस्थ रुग्णांच्या सेवेचे १,७५० तास भरलेले असावे लागतात आणि त्यांपैकी ८७५ तास अलीकडच्या वर्षातील असावे लागतात. परीक्षेत तीन तासांत १५० प्रश्न सोडवायचे असतात. शिवाय रसायनशास्त्र व संख्याशास्त्र यांचे जुने गुण कमी असतील तर ते विषय पुन्हा देणे श्रेयस्कर. एखाद्या भूलपरिचारिकेसोबत शस्त्रक्रियागृहात उभे राहून तिचे काम पाहिल्याची नोंद, वरिष्ठांची शिफारसपत्रे आणि स्वतःविषयीचे निवेदन, हेही जोडावे लागते. एका तुकडीत जागा मोजक्याच असल्याने अर्ज केलेल्यांपैकी थोड्यांनाच मुलाखतीचे बोलावणे येते.

भाचीने हे सर्व केले होते. चार वर्षांचे मूल निजल्यावर रात्री अकरापर्यंत ती अभ्यास करी; जावई स्वयंपाक व मूल सांभाळीत. तरीही पहिल्या वर्षी नकार आला.

नकाराचे कारण

"मुलाखतीत काय विचारले?" असे मी तिला विचारले. रुग्णाचा रक्तदाब एकाएकी घसरला तर प्रथम काय पाहशील, अमुक औषध शरीरात नेमके कोठे परिणाम करते, असे प्रश्न होते. त्यांची उत्तरे तिने चोख दिली. मग एका परीक्षकाने विचारले, "तुमच्या हातून घडलेली एखादी चूक सांगा." ती म्हणाली, "सांगण्याजोगी चूक माझ्या हातून झालेली नाही." नकार आल्यावर तिने धीर करून विद्यालयाला पत्र लिहिले आणि आपण कोठे कमी पडलो, अशी विचारणा केली. दोन ओळींचे उत्तर आले: वैद्यकीय ज्ञान उत्तम, आत्मपरीक्षणात उणीव.

"मग खरेच चूक झाली नव्हती का?" मी विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग सांगू लागली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका रुग्णाला रक्तदाब टिकवणारे औषध पंपाद्वारे चालू होते. पिशवी संपत आली होती. दुसरी पिशवी आधीच तयार ठेवावयास हवी होती, ती राहून गेली. पंपाचा गजर वाजला, औषध थांबले आणि रक्तदाब झपाट्याने खाली आला. नवी पिशवी लागेपर्यंत दोन-तीन मिनिटे गेली. रुग्ण सावरला. तिने लगेच डॉक्टरांना कळवले आणि रुग्णालयाच्या नियमानुसार स्वतःच घटनेचा लेखी अहवाल भरला. तेव्हापासून पिशवी संपण्याच्या तासभर आधी दुसरी तयार ठेवण्याचा तिचा नेम आहे आणि नव्याने येणाऱ्या परिचारिकांनाही ती तो शिकवते.

"हे मुलाखतीत का सांगितले नाहीस?" "मामा, भीती वाटली. जिच्या हातून औषध थांबले तिला भूल द्यायला कोण शिकवील?"

मी तीस-पस्तीस वर्षे कर्जाचे अर्ज पाहिले आहेत. ज्या व्यापाऱ्याच्या कागदपत्रांत तोट्याचे एकही वर्ष नसे, त्याच्या हिशेबाकडे मी अधिक बारकाईने पाही. उलट एखादा गृहस्थ स्वतःहून सांगे, की अमुक वर्षी माल पडून राहिला, हप्ते थकले, मग घरातील दागिने मोडून देणे फेडले. त्याच्याविषयी मी निःशंकपणे शिफारस लिहीत असे. पत ही तोटा न होण्यातून ठरत नाही, तोटा झाल्यावर माणूस काय करतो त्यातून ठरते. हेच मी तिला सांगितले. मात्र निर्णय तिचा होता, कारण धोकाही तिचाच होता. निवेदनात ती घटना लिहिल्यावर पुन्हा नकार आला असता, तर तो सल्ला माझ्या माथी राहिला असता. दोन दिवस विचार करून तिने ती घटना लिहिली. आढेवेढे न घेता, अर्ध्या पानात.

रोकड हिशेब

आता वाचकांच्या मनात जो प्रश्न असेल त्याकडे वळतो. २०२२ पासून या अभ्यासक्रमात नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना डॉक्टरेट पातळीचेच शिक्षण घ्यावे लागते. त्याची मुदत किमान ३६ महिने. या काळात किमान २,००० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे आणि भूल देण्याची किमान ६०० प्रकरणे पूर्ण करावी लागतात. अखेरीस राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा असते. एवढे करून नोकरी चालू ठेवणे जवळपास अशक्य; अनेक विद्यालये नोकरी न करण्याचा स्पष्ट सल्ला देतात.

अमेरिकी श्रमखात्याच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार परिचारिकेचे मध्यम वार्षिक वेतन ८६,०७० डॉलर, तर भूलपरिचारिकेचे २,१२,६५० डॉलर होते. म्हणजे तीन वर्षांचे बुडालेले वेतन २,५८,२१० डॉलर. शुल्क विद्यालयागणिक बदलते. आपण दीड लाख डॉलर धरू. एकूण भांडवल सुमारे ४ लाख ८ हजार डॉलर. वेतनातील वार्षिक वाढ १,२६,५८० डॉलर. कागदावर भांडवल सव्वातीन वर्षांत परत येते. कर व व्याज जमेस धरले तर पाच-सहा वर्षे समजावीत. तिशीतील व्यक्तीसाठी हा व्यवहार बुडीत नाही. परंतु मधल्या तीन वर्षांत घर कोणत्या उत्पन्नावर चालणार, याची तजवीज आधी हवी.

कर्जाबाबत एक सावधगिरीची सूचना. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जवळपास संपूर्ण खर्च भागवू देणारे 'ग्रॅड प्लस' हे सरकारी कर्ज २०२५ च्या कायद्यान्वये १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद करण्यात आले आहे. आता कर्जाची मर्यादा अभ्यासक्रम कोणत्या वर्गात मोडतो यावर ठरते. म्हणून अनामत भरण्यापूर्वी विद्यालयाच्या वित्तसाहाय्य कार्यालयाकडून ही माहिती लेखी घ्यावी. खासगी कर्ज घ्यावे लागल्यास व्याजदर स्थिर की बदलता आणि जामीनदाराची जबाबदारी कोठवर, हे वाचल्याखेरीज सही करू नये. आणखी एक गोष्ट: भारतात परिचारिकेसाठी असा स्वतंत्र मार्ग नाही. मायदेशी परतून हाच व्यवसाय करण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांनी हे प्रथम ध्यानात घ्यावे.

दुसरे पत्र

आम्ही सांगलीला परतल्यावर शरद ऋतूत तिची दुसरी मुलाखत झाली. तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी तिने सर्व सांगितले. परीक्षकांनी त्यावरच आणखी चार प्रश्न विचारले: रुग्णाच्या नातलगांना काय सांगितले, अहवाल भरताना काय वाटले, त्यानंतर विभागात काय बदलले. तीन आठवड्यांनी प्रवेश मंजूर झाल्याचे कळले. केवळ त्या अर्ध्या पानामुळे निवड झाली, असे मी म्हणणार नाही. मधल्या वर्षात तिने रसायनशास्त्राचा विषय पुन्हा उत्तम गुणांनी दिला होता आणि अनुभवही वाढला होता. परंतु "या वेळी बोलताना घसा कोरडा पडला नाही," असे ती फोनवर म्हणाली.

प्रवेशाने प्रश्न संपत नाहीत. अनामत भरली गेली. पण भल्या पहाटे शस्त्रक्रियागृहात हजर व्हावयाचे असेल तेव्हा मुलाकडे कोण पाहणार? माझ्या बहिणीने पहिल्या सहा महिन्यांसाठी तिकडे जाण्याचे ठरवले आहे. चाळीस वर्षांत तिने सांगलीचे घर एवढे दिवस सोडलेले नाही. मेहुण्यांना मधुमेह आहे, दुपारचा डबा अडतीवर वेळेत लागतो. सून म्हणाली, "बाबांचे मी पाहते, आईंनी निश्चिंत जावे."

गेल्या महिन्यात मी अडतीवर बसलो असता एका जुन्या व्यापाऱ्याने मेहुण्यांना विचारले, "वहिनी अमेरिकेला निघाल्यात असे ऐकले, काही विशेष?" मेहुण्यांनी वहीवरून मान वर केली आणि म्हणाले, "मुलगी नर्स आहे माझी. आता भूल द्यायला शिकणार आहे. तीन वर्षांचे शिक्षण आहे."

हा शब्द त्यांच्या तोंडून चारचौघांत मी प्रथमच ऐकला. पंधरा वर्षांपूर्वी तो त्यांना अवघड करून ठेवणाऱ्यांपैकी मीही एक होतो, म्हणून ही हकीकत लिहिली. आपल्या घरात एखादी मुलगी वा मुलगा अशा अनोळखी क्षेत्राचे नाव काढील, तेव्हा वडीलधाऱ्यांनी मत देण्यापूर्वी एकदा त्याची फाइल उघडून पाहावी, एवढीच विनंती.