मयताची नोंद

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांचे अभिलेख कक्ष गजबजून गेले. मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीत झालेल्या उपोषणानंतर निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा असे कागद तपासले जाऊ लागले. त्यातच होता गाव नमुना १४, म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या अनेक घरांत पणजोबा कोणत्या साली वारले याची चौकशी त्या दिवसांत पहिल्यांदाच झाली. जुन्या नोंदीत मयताच्या नावाशेजारी जात लिहिलेली असे आणि इतर मागासवर्गाच्या दाव्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजच्या मृत्यू दाखल्यावर जात नसते, त्यामुळे जुन्या वहीला एकाएकी मोल आले.

मला मात्र ही वही जातीच्या रकान्यापेक्षा मोठी वाटते. ज्याच्या नावावर जमीन नव्हती, जो शाळेत गेला नाही, ज्याने कधी खत केले नाही, अशा माणसाचे नाव सरकारी कागदावर यायची वेळ बहुधा एकदाच येई, ती त्याच्या मरणाची. बायकांच्या बाबतीत तर हे जास्तच खरे. सातबाऱ्यावर नसलेली आजी शोधायची तर हाच कागद उरतो आणि तिथेही ती कित्येकदा 'अमक्याची बायको' एवढीच असते.

शोध घेणारे बहुतेक जण सुरुवात चुकीच्या ठिकाणी करतात. माणूस ज्या गावचा, त्या गावात नोंद बघायला जातात. कायद्याने नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. आपल्या भागात हा फरक फार मोठा आहे, कारण छत्रपती संभाजीनगर शहरात १९५६ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे घाटी, हे साऱ्या मराठवाड्याचे शेवटचे रुग्णालय. सिल्लोडचा, अंबडचा, गेवराईचा माणूस घाटीत दगावला की अंत्यविधी गावात होतो आणि नोंद शहरात राहते. गावच्या वहीत तो सापडत नाही आणि घरचे म्हणतात, नोंदच केली नाही. अपघात, सर्पदंश, विहिरीत पडून मृत्यू असेल तर आणखी एक कागद असतो, पोलीस ठाण्यातली अकस्मात मृत्यूची नोंद. पंचनाम्यात नातेवाइकांची नावे, राहते गाव, धंदा असा तपशील येतो. दाखल्यावर यातले फारसे काही मिळत नाही.

जागा कळली की साल. इथे आपला इतिहास आडवा येतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. या काळात नमुने बदलले, दप्तराची भाषा बदलली. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा होईपर्यंत औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच होते. त्यांच्या जुन्या नोंदींचा माग काढताना दोन्ही जिल्हा कचेऱ्यांत विचारावे. जायकवाडीच्या नाथसागरामुळे शंभराहून अधिक गावांना झळ पोचली, कित्येक गावे पुनर्वसनात दुसरीकडे गेली. पैठण, गंगापूरकडच्या अशा घरांनी जुन्या गावठाणाच्या नावाने अर्ज करायला हवा. कागद नव्या गावाला ओळखत नाही.

जुनी तारीख वाचणे हेही एक काम आहे. हैदराबादच्या दप्तरात फसली साल चाले. ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजुर महिन्यापासून लागे. फसली सालात ५९० मिळवले की ऑक्टोबर ते डिसेंबरचे इसवी साल निघते, जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. तेव्हा 'तीर १३४० फसली' म्हणजे साधारण मे १९३१. हा हिशेब न केल्याने लोक एक साल मागेपुढे शोधत राहतात.

आणि लिपी. गावपातळीवर पटवाऱ्याचा हात मोडीत चाले, वरच्या कचेरीचे काम उर्दूत. मोडीचे पान समोर आले की आधी दिसते ती कागदभर आखलेली आडवी रेघ. तिच्याखाली अक्षरे एकमेकांत गुंतत जातात, कारण लिहिणारा बोरू उचलतच नाही. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. नवख्याने ओळ पहिल्यापासून वाचू नये. आधी रकाने ओळखावेत, मग आकडे, मग 'बिन' हा शब्द शोधावा. त्याच्या अलीकडे मयताचे नाव आणि पलीकडे बापाचे. पुढे वय आणि आजार. आजाराच्या रकान्यात पटकी, देवी, हगवण असे थोडेच शब्द फिरून फिरून येतात आणि बहुतेक मरणे 'ताप' या एका शब्दात संपतात. हिवताप, विषमज्वर, बाळंतपणानंतरचा ताप सगळे त्यात. एकाच घरातली तीन-चार नावे एका पंधरवड्यात आली तर पानावरची पुढची-मागची घरेही वाचावीत. गावात साथ होती की नाही ते तिथेच कळते.

तहसीलच्या रुमालांत काही मिळाले नाही तर दारे संपत नाहीत. शहरात पुराभिलेख विभागाचे कार्यालय आहे आणि निजाम सरकारचे मोठे दप्तर हैदराबादेत, तारनाक्याच्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहे. पैठणला अस्थी घेऊन गेलेल्या घराण्यांनी तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे वही विचारावी, त्र्यंबकेश्वर, नाशिकलाही. वहीतल्या लेखात पिढ्यांची नावे असतात आणि कोण कोणाच्या क्रियाकर्मासाठी आला होता हेही. मुसलमान घरांसाठी मशिदीची किंवा कब्रस्तानाची दफनवही, ख्रिस्ती घरांसाठी चर्चची. छावणीतल्या इंग्रज कुटुंबांचे वंशज शोध घेतात ते लंडनमध्ये, कारण हिंदुस्थानातल्या चर्चच्या दफननोंदींच्या प्रती तिकडे जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

१ एप्रिल १९७० पासून महाराष्ट्रात १९६९ चा जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम लागू झाला आणि काम सरळ झाले. गावात ग्रामसेवक, शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग. मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची. वर्ष उलटून गेले तर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून हे काम जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी करतात. या कायद्यातले कलम १७ फार थोड्यांना ठाऊक आहे: फी भरून कोणीही निबंधकाला नोंदवहीत शोध घ्यायला लावू शकतो आणि उतारा मागू शकतो. उताऱ्यात मृत्यूचे कारण मात्र उघड करता येत नाही. शोध घेऊनही नोंद नसेल तर नमुना १० मध्ये अनुपलब्धता प्रमाणपत्र मागून घ्यावे. तोंडी 'नाही' ऐकून घरी येऊ नये. वारसाच्या प्रकरणात किंवा उशिराच्या नोंदणीत पुढची पायरी त्या कागदावरच उभी राहते.

अर्ज करताना नाव एकाच तऱ्हेने लिहू नये. दगडू, दगडोबा, दगडूजी हा एकच माणूस असू शकतो. आडनावाच्या जागी गावाचे नाव किंवा धंदा असतो. साल पक्के नसेल तर दोन्ही बाजूंची पाच-पाच वर्षे मागावीत आणि गावचे कोणी म्हातारे माणूस 'रझाकाराच्या आधी' किंवा 'बहात्तरच्या दुष्काळात' असे सांगत असेल तर ते टिपून घ्यावे. त्या एका वाक्याने वीस वर्षांची पाने चाळण्याचे श्रम वाचतात.

कुणबी नोंदींच्या निमित्ताने लाखो पाने चाळली गेली, अनेक सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. पण त्या एका शब्दासाठी पान उलटले गेले आणि तो शब्द नसलेली पाने पुन्हा रुमालात बांधली गेली. त्याच पानांवर महार, मांग, न्हावी, कोळी, मोमीन, माळी, लमाण घरांची माणसे आहेत. त्यांच्याही नातवंडांना ती हवी आहेत. कागद इतका जुना आहे की प्रत्येक हाताळणीत कडा तुटतात. गावनिहाय, सालनिहाय सगळी वही सलग स्कॅन करावी, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांकडून नावांची सूची करून घ्यावी, आणि ती सूची तहसीलच्या नक्कल विभागात कोणालाही बघायला मिळावी. मोडी शिकलेली तरुण मुले-मुली आज या शहरात आहेत. मूळ पानांच्या कडा गळायच्या आत त्यांना या कामावर बसवले पाहिजे.