जुनी बंदूक घेताय? आधी क्रमांक वाचा

जुना मोबाइल चोरीचा म्हणून नोंदलेला आहे का, हे आयएमईआय क्रमांक सीईआयआर पोर्टलवर टाकून घरबसल्या पाहता येतं. बंदुकीसाठी मात्र पोलीस ठाण्याची पायरी चढावीच लागते.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवानाधारक आपली बंदूक दुसऱ्या पात्र परवानाधारकाला विकू शकतो. पण आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला, घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह, लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. अनेकांना हा नुसता छळ वाटतो. खरं तर चोरीची तक्रार कुठे नोंदली आहे का, हे विचारून घ्यायला हाच वेळ हाताशी असतो. ‘आजच न्या, कागद नंतर बघू’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं. नागपूर शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे आहे. काटोल-उमरेडकडच्यांसाठी जिल्हाधिकारी कार्यालय.

बंदुकीवर कोरलेला क्रमांक विक्रेत्याच्या मूळ परवान्यातल्या नोंदीशी स्वतः ताडून पाहा. झेरॉक्सवर भागवू नका. परवान्याची मुदत आणि युनिक ओळख क्रमांकही बघा. ‘आजोबांची आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. परवाना अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर नातवाला ती परस्पर विकता येत नाही.

क्रमांक घासलेला दिसला, तर हातही लावू नका. कलम ८ नुसार असं शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच खूण पुसली, असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याचीच.